'सिद्ध करा' म्हणण्याचा अधिकार
(आरोपीचा वकील : एक अभ्यास)

स्मरणिकेसाठी आठवणींचा लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची सूचना होती. आठवणी सांगणारे पुष्कळ आहेत; आम्ही मात्र एक पाठ लिहून देत आहोत. इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकविण्यात आमचे आयुष्य गेले. या सर्व वर्षांत संविधानातील मूलभूत हक्कांचा धडा एका ठिकाणी हमखास अडत आला आहे. समतेचा हक्क मुलांना लगेच पटतो. अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद १७ तर त्यांना घरातूनच ठाऊक असतो. परंतु अनुच्छेद २२ मध्ये अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा व त्याच्याकरवी बचाव करण्याचा हक्क दिला आहे, असे सांगितले की हात वर होतात. "सर, ज्याने गुन्हा केला त्याला वकील कशाला?"

हाच प्रश्न पालकही विचारतात, आणि अधिक कडवटपणे विचारतात. त्यांचा कडवटपणा अनाठायी नाही. जातीय अत्याचाराच्या खटल्यांत आरोपींच्या बाजूने नामांकित वकिलांची फौज उभी राहिलेली आपण पाहिली आहे. पीडित मात्र न्यायालयाच्या व्हरांड्यात दिवसभर ताटकळत बसलेला असतो. अशा वेळी "आरोपीचा वकील हा लोकशाहीचा आधार आहे" असे पुस्तकी वाक्य फेकून मोकळे होता येत नाही.

आमचे उत्तर थोडक्यात असे आहे. बचाव पक्षाचा वकील गुन्ह्याची बाजू घेत नसतो. आरोप करणाऱ्याला तो एवढेच म्हणतो की, "सिद्ध करा." ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या पुराव्यावाचून दोषी ठरविले गेले, त्या समाजाला या दोन शब्दांचे मोल इतर कोणाहूनही अधिक कळले पाहिजे. हे उत्तर मुंबईच्या, विशेषतः गिरगाव, परळ, लालबाग, दादर या भागांच्या इतिहासातून आणि त्याला जोडून महाराष्ट्रातील काही खटल्यांतून समजावून घेऊ.

जन्मानेच दोषी

जातिव्यवस्था म्हणजे सुनावणीवाचून दिलेला निकाल होय. विटाळाचा आरोप जन्माबरोबर लागू होई. तो कोणी सिद्ध करावयाचा नव्हता आणि खोडून काढण्याची सोयही नव्हती. इंग्रज सरकारने तर याच पद्धतीला कायद्याचे रूप दिले. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. पुढे १९११ आणि १९२४ च्या कायद्यांनी त्याची व्याप्ती वाढविली. सरकारने अधिसूचना काढून एखादी जमात 'गुन्हेगार' म्हणून जाहीर केली की त्या जमातीतील तान्हे मूलही संशयित ठरे. हजेरी द्यावयाची, परवान्यावाचून गाव सोडावयाचे नाही, तारेच्या कुंपणातील वसाहतीत राहावयाचे. या अधिसूचनेच्या योग्यायोग्यतेचा विचार करण्यास न्यायालयांना मनाई होती. म्हणजे 'सिद्ध करा' असे म्हणण्याची जागाच शिल्लक ठेवलेली नव्हती. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, म्हणूनच भटक्या-विमुक्तांचा तो मुक्तिदिन मानला जातो. कायदा गेला, पण त्यामागील नजर गेली काय, याचे उत्तर पुढे येईल.

१९०८ : उच्च न्यायालय आणि लालबाग

१३ जुलै १९०८ रोजी मुंबई उच्च न्यायालयात बाळ गंगाधर टिळक यांच्यावरील राजद्रोहाचा खटला सुरू झाला. टिळकांच्या सामाजिक मतांशी आमचा मतभेद जगजाहीर आहे आणि तो येथे लपविण्याचे कारण नाही. परंतु आरोपीचे हक्क शिकावयाचे तर आरोपी आपल्या मताचाच असावा, असा नियम करून चालत नाही.

टिळकांच्या जामिनासाठी बॅरिस्टर जीना यांनी अर्ज केला. न्यायमूर्ती दावर यांनी तो फेटाळला. हेच दावर १८९७ च्या पहिल्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांचे वकील होते आणि त्यांनीच तेव्हा टिळकांना जामीन मिळवून दिला होता. ज्यूरीच्या नऊ सभासदांपैकी सात युरोपीय व दोन पारशी होते. खटला मराठी लेखांवर होता. ते लेख ज्यूरीपुढे आले ते इंग्रजी भाषांतरातून. टिळकांनी आपला बचाव स्वतः केला. ते एकवीस तासांहून अधिक काळ बोलले आणि भाषांतरातील शब्दाशब्दाला त्यांनी हरकत घेतली. २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले. सहा वर्षे काळ्या पाण्याची व हजार रुपये दंडाची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवसापासून मुंबईच्या गिरणी कामगारांनी शिक्षेच्या एका वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस संप केला. गिरणगावातील रस्त्यांवर लष्कर आणि कामगार समोरासमोर आले, गोळीबार झाला, माणसे मेली.

विद्यार्थ्यांनी येथे थोडे थांबून विचार करावा. टिळक कायद्याचे पदवीधर होते. इंग्रजीवर त्यांचे प्रभुत्व होते. म्हणून त्यांना एकवीस तास बोलता आले. त्याच आठवड्यात लालबागच्या रस्त्यावरून पकडून दंडाधिकाऱ्यापुढे उभा केलेला कोकणातला किंवा घाटावरचा गिरणी कामगार काय बोलू शकला असता? त्याला वकील करण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३४० प्रमाणे आरोपीला वकिलामार्फत बचाव करण्याचा हक्क होता. परंतु ज्याच्या पगारातून खाणावळीचे पैसे भागत नव्हते, त्याने फी कोठून द्यावी? हक्क होता खरा, पण तो विकत घ्यावा लागत होता.

परळचे बॅरिस्टर

१९२३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. सनदेसाठी लागणारे पैसेदेखील त्यांना त्यांचे स्नेही नवल भथेना यांच्याकडून घ्यावे लागले. अस्पृश्य बॅरिस्टरकडे काम देण्यास सॉलिसिटर मंडळी कचरत. राहणे पोयबावडीच्या बी. आय. टी. चाळीत आणि सार्वजनिक कामाचे कार्यालय परळच्या दामोदर हॉलमध्ये, असा तो काळ होता. त्यांनी चालविलेल्या खटल्यांतील दोन खटले आमच्या विषयाशी निगडित आहेत, आणि दोन्ही खटल्यांतील आरोपी अस्पृश्य नव्हते.

पहिला खटला 'देशाचे दुश्मन' या पुस्तकाचा. दिनकरराव जवळकर यांच्या या पुस्तकातील टीकेमुळे जवळकर, केशवराव जेधे आदी ब्राह्मणेतर कार्यकर्त्यांवर पुण्यात खटला झाला व खालच्या न्यायालयाने शिक्षा ठोठावली. १९२६ साली अपिलात बाबासाहेबांनी त्यांची बाजू मांडली आणि आरोपी सुटले.

दुसरा खटला गिरगावच्या प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांचा. संततिनियमन आणि लैंगिक आरोग्य यांविषयी 'समाजस्वास्थ्य' मासिकातून ते निर्भीडपणे लिहीत. १९३४ साली अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर दुसरा खटला झाला, तेव्हा त्यांच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले. लैंगिक प्रश्नांची शास्त्रीय चर्चा म्हणजे अश्लीलता नव्हे, ही त्यांची भूमिका होती. न्यायालयाने ती मानली नाही व कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. खटला हरला; पण तेथे मांडलेली भूमिका आज कोणताही डॉक्टर किंवा शिक्षक गृहीत धरून चालतो. वकिलाच्या कामाचे मोल केवळ निकालावरून करावयाचे नसते, हे त्यातून शिकावे.

आणि तिसरा खटला, ज्यात बाबासाहेब स्वतःच प्रतिवादी होते. तो दिवाणी होता, पण 'सिद्ध करा' या तत्त्वाचे त्याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यात आले. त्यानंतर १२ डिसेंबर १९२७ रोजी तेथील सनातनी मंडळींनी बाबासाहेब व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध महाडच्या न्यायालयात दावा लावला. तळे केवळ स्पृश्यांचे असून अस्पृश्यांना मज्जाव करण्याची वहिवाट अनादिकालापासून चालत आली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. बचाव सोपा होता आणि अवघडही : ही वहिवाट अनादी आहे, हे सिद्ध करा. महाडचे न्यायालय, ठाण्याचे जिल्हा न्यायालय आणि अखेरीस मुंबई उच्च न्यायालय अशा तीन पायऱ्यांवर दाव्याची तपासणी झाली. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने सांगितले की, वादींना अशी अनादी वहिवाट सिद्ध करता आलेली नाही. शतकानुशतके ज्या रूढीला कोणी पुरावा मागितला नव्हता, ती रूढी पुरावा मागताच न्यायालयात टिकली नाही.

संविधानसभेतील अनुच्छेद

या अनुभवाची शिदोरी घेऊन बाबासाहेब संविधानसभेत गेले. व्यक्तिस्वातंत्र्याच्या अनुच्छेदातून 'योग्य न्यायप्रक्रिया' हे शब्द वगळले गेले होते, आणि संसदेला मोकळे रान मिळाले अशी टीका होत होती. ती टीका बाबासाहेबांनाही लागलेली होती. १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी १५-अ हा नवा अनुच्छेद मांडला व त्या उणिवेची ही काही प्रमाणात भरपाई आहे, असे सभागृहाला सांगितले. अटकेची कारणे कळविणे, वकिलाचा सल्ला व बचाव, आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे, या तरतुदी फौजदारी संहितेत आधीपासून होत्याच. मग त्या संविधानात कशासाठी? कारण साधा कायदा उद्याचे विधिमंडळ बदलू शकते. संविधानात गेलेल्या हक्काला हात लावणे तितके सोपे नसते. हाच आजचा अनुच्छेद २२ होय. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेखाली पकडलेल्यांना मात्र त्यातील हे हक्क लागू नाहीत, हा त्यातील अपवादही विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा. हक्काची मर्यादा ठाऊक असणे हाही अभ्यासाचाच भाग आहे.

बौद्ध वाचकांना यात परके असे काही वाटू नये. विनयपिटकात संघातील वाद मिटविण्याच्या सात रीती सांगितल्या आहेत. त्यांतील पहिली 'सम्मुखाविनय'. ज्याच्यावर आरोप आहे, तो समोर असल्यावाचून त्याच्याविरुद्ध संघाला कारवाई करता येत नाही. दब्ब मल्लपुत्त या भिक्खूवर खोटा आळ आला, तेव्हा भगवंतांनी प्रथम त्यालाच विचारले आणि चौकशीअंती तो निर्दोष ठरला. आरोपीचे ऐकून घेणे ही इंग्रजांनी दिलेली देणगी आहे, असे मानण्याचे आपल्याला कारण नाही.

हक्क विकत घ्यावा लागू नये

संविधान लागू झाले तरी फीचा प्रश्न शिल्लक होता. मुंबई सरकारने १९४९ सालीच न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली गरिबांना कायदेशीर मदत देण्याविषयी समिती नेमली होती. प्रत्यक्ष बदल घडण्यास आणखी तीन दशके लागली. १९७३ च्या फौजदारी संहितेतील कलम ३०४ ने सत्र न्यायालयातील निर्धन आरोपीला सरकारी खर्चाने वकील देण्याची तरतूद केली. ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आला आणि मोफत कायदेशीर साहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरले.

१९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने 'होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात महत्त्वाचा निर्णय दिला. आरोपी उच्चशिक्षित अध्यापक होता. मुंबईतील एका ब्लॉक बनविणाऱ्याकडून कर्नाटक विद्यापीठाचा बनावट शिक्का करवून घेण्याचा त्याचा प्रयत्न होता. उच्च न्यायालयाने त्याला तीन वर्षांची शिक्षा दिली, पण निकालाची प्रत तुरुंगात त्याच्या हाती पडल्याची पोचही नव्हती. सर्वोच्च न्यायालयात तो पोहोचला तोवर शिक्षा भोगून झाली होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याची याचिका फेटाळली, त्याच्याविषयी सहानुभूती दाखविली नाही. मात्र त्याच निकालात प्रत्येक कैद्याला निकालाची मोफत प्रत आणि अपिलासाठी गरज असल्यास मोफत वकील मिळालाच पाहिजे, असे बजावले. एका दोषी माणसाच्या खटल्यातून हजारो निर्धन कैद्यांचा हक्क पक्का झाला. १९८६ साली 'सुक दास' खटल्यात न्यायालय आणखी एक पाऊल पुढे गेले : आरोपीने मागितला नाही म्हणून वकील नाकारता येणार नाही, कारण हक्क आहे हेच गरिबाला ठाऊक नसते.

जगातही हा हक्क बहुधा तळच्या माणसाच्या खटल्यातूनच पुढे आला आहे. १९३१ साली अमेरिकेतील अलाबामा राज्यात स्कॉट्सबरो गावी नऊ कृष्णवर्णीय मुलांवर बलात्काराचा आरोप आला. खटला सुरू होण्याच्या सकाळपर्यंत त्यांना नेमका वकील कोण, हेच ठरलेले नव्हते. काही दिवसांत आठ जणांना मृत्युदंड ठोठावण्यात आला. १९३२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला : तयारीला वेळ नसलेला नावापुरता वकील म्हणजे वकील नव्हे.

आर्थर रोडच्या भिंतीआड

या तत्त्वाची सर्वांत कठीण परीक्षा आपल्याच मुंबईत झाली. लालबाग-चिंचपोकळीकडून सात रस्त्याकडे जाताना आर्थर रोड कारागृहाची उंच भिंत लागते. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ जणांचे प्राण गेले. जिवंत पकडलेल्या अजमल कसाबचा खटला याच कारागृहाच्या आवारातील विशेष न्यायालयात चालला. त्याचा चेहरा साऱ्या जगाने छायाचित्रात पाहिला होता. मुंबईतील वकिलांच्या एका संघटनेने त्याचे वकीलपत्र कोणी घेऊ नये, असा ठराव केला. न्यायालयाने नेमलेल्या पहिल्या वकील महिलेच्या वरळीतील घरापुढे जमाव जमला, दगडफेक झाली. पुढे वेगळ्या कारणाने त्यांना दूर करण्यात आले. नंतर ॲड. अब्बास काझमी व त्यांच्यामागून ॲड. के. पी. पवार यांनी हे काम पाहिले.

त्या दिवसांत आमच्याही परिचयातील अनेकांनी विचारले, "याला वकील देऊन सरकारचा पैसा कशाला घालवावयाचा?" याचे उत्तर ३ मे २०१० च्या निकालात आहे. त्या दिवशी कसाब दोषी ठरला. त्याच दिवशी, त्याच न्यायालयात, त्याच्याबरोबर आरोपी केलेले दोन भारतीय निर्दोष सुटले. हल्लेखोरांना मुंबईचा हाताने काढलेला नकाशा पुरविल्याचा आरोप त्यांच्यावर होता. तो नकाशा एका मृत हल्लेखोराच्या पँटच्या खिशात सापडला, असे पोलिसांचे म्हणणे होते. कपडे रक्ताने माखलेले असताना खिशातील कागदावर ना डाग, ना चुरगळल्याची खूण. न्यायालयाने त्या पुराव्यावर विश्वास ठेवला नाही. उच्च न्यायालयाने व पुढे सर्वोच्च न्यायालयानेही ही सुटका कायम ठेवली. संतापाच्या त्या लाटेत वकिलांनी ठराव पाळला असता, तर ही दोन माणसे कोणत्या वाटेने गेली असती, याचा विचार करावा.

या सुटकेची किंमतही कोणीतरी मोजली. त्या दोघांपैकी एकाची बाजू मांडणारे ॲड. शाहिद आझमी यांची ११ फेब्रुवारी २०१० रोजी, निकालाच्या तीन महिने आधी, कुर्ल्याच्या त्यांच्या कार्यालयात गोळ्या झाडून हत्या झाली. तरुण वयात ते स्वतः टाडा कायद्याखाली तुरुंगात राहिले होते. सुटल्यावर ते वकील झाले.

२९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कसाबची फाशी कायम केली. मात्र त्या निकालाने सर्वांसाठी एक नियम घालून दिला : अटक झालेल्या माणसाला पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यापुढे आणले जाईल त्याच वेळी, त्याला वकिलाचा हक्क आहे आणि ऐपत नसल्यास सरकारी खर्चाने वकील मिळेल, हे दंडाधिकाऱ्याने त्याला सांगितलेच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयात कसाबची बाजू मांडणारे ज्येष्ठ वकील राजू रामचंद्रन यांच्या कामाची न्यायालयाने निकालपत्रात प्रशंसा केली. तत्पूर्वी २०१० सालीच, तामिळनाडूतील एका प्रकरणात, अमुक आरोपीचे वकीलपत्र घेऊ नये असे वकील संघटनांचे ठराव बेकायदा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने जाहीर केले होते.

सोळा वर्षे

आता गुन्हेगार जमातींच्या कायद्यामागील त्या नजरेकडे परत येऊ. जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबावर दरोडा, खून व बलात्काराचा अत्यंत निर्घृण प्रकार घडला. भटक्या जमातीतील सहा मजूर पकडले गेले. २००६ साली सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी ठोठावली. देशातील सर्वोच्च न्यायपीठाने शिक्कामोर्तब केल्यावर आणखी काय उरते? पण फेरविचार झाला, नव्याने सुनावणी झाली, वकिलांनी कागद पुन्हा उलगडले. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांच्या छायाचित्रांतून भलत्याच चार माणसांना ओळखले होते आणि त्या चौघांवर खटलाच भरला गेला नव्हता, ही बाब न्यायालयापुढे ठळकपणे आली. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले व राज्य सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत, असा आदेश दिला. त्यांच्यापैकी एकजण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, असेही निष्पन्न झाले होते. सोळा वर्षे गेली होती. पीडित कुटुंबाचे खरे मारेकरीही त्या सोळा वर्षांत मोकळेच राहिले, हे विसरता कामा नये. दुबळा बचाव निरपराधाला तर मारतोच, पण तो पीडितालाही न्याय देत नाही.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'अनोखीलाल' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नियम केला की, जन्मठेप वा फाशीची शक्यता असलेल्या खटल्यात नेमलेल्या वकिलाचा अनुभव किमान दहा वर्षांचा असावा आणि त्याला तयारीस किमान सात दिवस द्यावेत. कागदोपत्री वकील उभा करून भागत नाही, हे आपल्याकडेही मान्य झाले.

मग अत्याचारपीडिताचे काय?

आरंभीचा कडवट प्रश्न आम्ही टाळणार नाही. खैरलांजीसारख्या प्रकरणांनी ज्यांची मने होरपळली आहेत, त्यांना आम्ही आरोपीच्या हक्कांचा पाठ का शिकवावा?

एक म्हणजे, दोष आरोपीला वकील मिळतो यात नाही. पीडिताच्या बाजूला तितक्याच तयारीचा माणूस नसतो, हा खरा दोष आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि २६ जानेवारी २०१६ पासून कलम १५-अ लागू झाले. त्यामुळे पीडिताला व साक्षीदाराला संरक्षणाचा हक्क मिळाला आणि आरोपीच्या जामिनापासून शिक्षेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर पीडिताचे म्हणणे ऐकून घेणे बंधनकारक झाले. हे कलम आपल्या कार्यकर्त्यांना पाठ असावयास हवे. समोरच्याचा वकील काढून घेण्याची मागणी करण्यापेक्षा आपला वकील तयार करणे, हाच बाबासाहेबांचा मार्ग होय. शिवाय चांगल्या उलटतपासणीतून तावून निघालेली शिक्षा अपिलात टिकते. घाईने मिळविलेली शिक्षा पुढे कोसळते आणि पीडिताच्या पदरी दुप्पट निराशा येते.

दुसरे म्हणजे, तुरुंगात कोण आहे ते पाहावे. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक बंदी होते. त्यांपैकी सुमारे ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नाही असे. शंभरातले पंचाहत्तर. या कच्च्या कैद्यांत अनुसूचित जातींचा वाटा सुमारे एक पंचमांश आहे, लोकसंख्येतील वाट्याहून जास्त. भटके-विमुक्त, आदिवासी, मुसलमान यांची गणती वेगळीच. आरोपीचा हक्क ढिला झाला तर पहिला फटका कोणाच्या घराला बसेल, हे सांगावयास नको. वरळी, नायगाव, डिलाईल रोडच्या बी. डी. डी. चाळींतील जुन्या पिढीला विचारा. १९७४ च्या वरळी दंगलीनंतर पोलीस चौकीची पायरी कोणी झिजविली, ते ती सांगेल.

आपण काय करावे

पाठ संपविताना काही गोष्टी प्रत्येक घराने वहीत लिहून ठेवाव्यात. अटकेची कारणे लगेच सांगितली गेली पाहिजेत. चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे नेले पाहिजे. चौकशीच्या काळात वकिलाला भेटता येते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती व जमातींची व्यक्ती, स्त्री, बालक, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती मोफत वकिलास पात्र असते. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला काढत बसावे लागत नाही. तालुका व जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे किंवा समितीचे कार्यालय असते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे. कोऱ्या कागदावर सही करू नये, आणि वकील मिळेपर्यंत "मला वकील हवा आहे" एवढे वाक्य प्रत्येक तारखेला दंडाधिकाऱ्यापुढे बोलावे. ते नोंदवून घेण्याची विनंती करावी.

आणि आमच्या वसतिगृहातून जे विद्यार्थी आज वकील झाले आहेत, त्यांच्याकडे एक मागणे आहे. वर्षातून एक तरी वकीलपत्र असे घ्या, ज्याची फी मिळणार नाही आणि ज्याच्याविषयी शेजारीपाजारी नाक मुरडतील. एखाद्या आरोपीविषयी तुमच्याही मनात घृणा असेल, तर ती असू द्या. कर्व्यांचे वकीलपत्र घेतल्याने बॅरिस्टर आंबेडकरांची लोकप्रियता वाढणार नव्हती. शिक्षकांनी व पालकांनीही एक पथ्य पाळावे. वसतिगृहात एखादी वस्तू हरवली, वर्गात भांडण झाले, की आपले बोट चटकन ठरलेल्याच मुलाकडे वळते. त्या मुलाला समोर बसवून आधी त्याचे ऐकावे, आणि तो गोंधळला असेल तर त्याच्या बाजूने बोलण्यासाठी त्याच्या एखाद्या मित्राला बोलवावे. ज्या मुलाचे लहानपणी कोणी ऐकून घेतले आहे, तो मोठेपणी दुसऱ्याचे ऐकून घेतल्यावाचून निकाल देणार नाही.